राजेंद्र नगरातल्या काकूंचा मीटिंगवाला इंग्लिश क्लास: आठ आठवडे करून आलो, सांगतो कसा आहे

आधीच सांगतो, काकूंचं नाव आणि नंबर इथे टाकणार नाही, त्यांनीच बजावलंय की जाहिरात करायची नाही, मी सहाच जण घेते आणि सातवा आला तर त्याला जिन्यात बसावं लागेल. राजेंद्र नगरात ओळखीचं कुणी असेल तर एक फोन करा, पत्ता मिळून जाईल, आणि इंदूरच्या मराठी माणसाचं राजेंद्र नगरात कुणीच नाही असं होत नाही. मी पण असाच पोचलो, बायकोच्या मावसबहिणीच्या नणंदेकडून.

आता मी कोण ते सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. घरात मराठी, शाळा अख्खी हिंदी मीडियम, इंजिनिअरिंगला पुस्तकं इंग्रजी पण सर हिंदीत समजावणार आणि पेपर आपण पाठ करून लिहिणार, असं आपलं इंग्रजी. ड्रॉइंग वाचता येतं, मेल लिहिता येतो, एट-डी तर झोपेत भरतो. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: माल खराब निघाला की कस्टमरला द्यायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, तिसऱ्या पायरीला तातडीचा बंदोबस्त काय केला ते लिहायचं आणि चौथ्या पायरीला मूळ कारण.) पण दोन वर्षांपूर्वी आमचा जर्मन कस्टमर बोलला की नुसता रिपोर्ट पाठवून भागणार नाही, दर मंगळवारी कॉलवर येऊन समजावा. तेव्हापासून सोमवारी रात्री माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. बायको विचारायची काय झालं, मी सांगायचो अ‍ॅसिडिटी.

आणि मग तो येस येस वाला कांड झाला. कॉलवर तिकडचा माणूस काहीतरी लांबलचक सांगत होता, आवाज तुटत होता, अर्धं कळत होतं अर्धं नाही, आणि मी आपला मध्येमध्ये येस, येस, ओके, येस. आपण मराठीत कुणी बोलत असलं की हो हो करतो ना, तसं. म्हणजे मी ऐकतोय, तुम्ही बोला. दुसऱ्या दिवशी मिनिट्स आले, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद, त्यात लिहिलेलं की तिकडच्या गोदामात पडलेला सगळा माल शंभर टक्के तपासून निवडायचा आणि खर्च सप्लायरचा, सप्लायरने मान्य केलंय. प्लांट हेडने केबिनमध्ये बोलावलं. तू हो कशाला बोललास? मी बोललो सर मी हो नव्हतो बोलत, मी ऐकत होतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पैसे शेवटी अर्धे-अर्धे झाले पण माझी इज्जत पूर्ण गेली.

तर मग मी आधी सगळे करतात ते केलं, भंवरकुआंला गेलो. तिथे तर काय, कोचिंगचं जंगल आहे, वर बघावं तिकडे बोर्ड. एका मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये, नाव घेत नाही, साडेचौदा हजार भरले. एसी, स्मार्ट बोर्ड, वेलकम किट, सगळं. टेस्ट घेऊन सांगितलं की तुमची लेव्हल बी-1 आहे. ही सहा पायऱ्यांची पट्टी म्हणजे ए-1 पासून सी-2 पर्यंत, युरोपवाल्यांनी 2001 मध्ये काढलेली, चांगली गोष्ट आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण बी-1 कळून मी मंगळवारी काय करू? वर्गात चाळीस पोरं, सगळी कॉलेजची, विषय काय तर मोबाइल शाप की वरदान. मी अडतीस वर्षांचा माणूस उभा राहून माय हॉबीज आर क्रिकेट अँड लिसनिंग म्युझिक करतोय. लिसनिंग नंतर टू राहिलं म्हणून ती मुलगी, म्हणजे टीचर, चोवीस वर्षांची असेल, मला थांबवते आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघतो. तीन आठवड्यांत सोडलं. रिफंड नाही.

काकूंकडे पहिल्या दिवशी गेलो तर वाटलं चुकीच्या घरात आलो. पहिला मजला, बाहेर तुळस, आत डायनिंग टेबल आणि त्याच्याभोवती सहा खुर्च्या, त्यातल्या दोन प्लास्टिकच्या. काकू साठीच्या पुढच्या. पीथमपूरच्याच एका कंपनीच्या एक्स्पोर्ट खात्यात पंचवीसेक वर्षं काढलेली, टेलेक्सपासून व्हिडिओ कॉलपर्यंत सगळं पाहिलेलं. फी सहा हजार, आठ आठवडे, शनिवार-रविवार सकाळी साडेसात ते साडेनऊ. बोर्ड नाही, पुस्तक नाही, सर्टिफिकेट तर अजिबात नाही.

बसल्या बसल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तोही मराठीत: मागच्या मीटिंगमध्ये तुला काय बोलायचं होतं जे तू बोलला नाहीस? बस. सहाच्या सहा जण गप्प, आणि मग जे सुटले सगळे. एक मुलगी होती, सुपर कॉरिडॉरला आयटीत, तिची रोज अमेरिकेशी पंधरा मिनिटांची मीटिंग असते आणि तिचं केलेलं काम दुसराच कुणीतरी भरभर बोलून स्वतःच्या नावावर सांगून टाकतो. एक औषध कंपनीतले दादा होते, ते बोलले की मला सगळं येतं पण मी तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. एक रेडिमेड कपड्यांचा धंदा करणारा पोरगा, त्याला दुबईच्या पार्टीशी भाव करायचा असतो आणि तो पहिल्या फटक्यात ओके बोलून मोकळा होतो कारण नाही बोलायला लागणारं वाक्य त्याच्याकडे तयार नसतं. मला इतकं बरं वाटलं ना त्या दिवशी, भिया. वाटलं मी एकटाच येडा नाहीये.

काकू पहिल्याच दिवशी बोलल्या की तुमचं इंग्रजी आठ आठवड्यांत सुधारणार नाही, ते मी करत पण नाही. मी फक्त तुमची मंगळवारची मीटिंग करून घेईन. आणि खरंच तेच केलं.

सगळ्यात मोठी गोष्ट जी मी शिकलो ती इंग्रजीची नाहीच आहे. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, काय झालं ते वाक्याच्या शेवटी कळतं. मी काल बाजारात जाऊन दोन दुकानं फिरून शेवटी ती वस्तू, आणली की नाही आणली हे शेवटच्या शब्दात. हिंदीत पण तसंच. आणि आपण अख्खं बोलणंच तसं करतो, आधी पार्श्वभूमी, मग काय काय केलं, मग कुणाची चूक, आणि शेवटी निकाल. मी कॉलवर तेच करायचो. त्याने विचारलं माल कधी निघणार, तर मी सुरू व्हायचो की अ‍ॅक्चुअली सर, लास्ट वीक अवर हीट ट्रीटमेंट फर्नेस, आणि तो तिकडे घड्याळ बघतोय. काकूंनी माझं दोन मिनिटांचं उत्तर ऐकलं, कागदावर लिहून घेतलं आणि शेवटचं वाक्य कात्रीने कापून वर चिकटवलं. खरंच कात्रीने. बोलल्या, आता वाच. द पार्ट्स विल लीव्ह ऑन थर्सडे. बस, आता पुढे फर्नेसचं पुराण सांग हवं तर, त्याला विचारायचं असेल तर तो विचारेल. आम्ही सहा जण सलग दोन शनिवार फक्त हेच करत बसलो होतो, प्रश्न आला की पहिल्या वाक्यात उत्तर, तारीख किंवा आकडा किंवा हो किंवा नाही. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. तोंडात बेसिकली आणि अ‍ॅक्चुअली आपोआप येतात, जसं शिंक येते तसं.

मग पर्यंत. हे ऐकून तर मी उडालोच. आपण बोलतो शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो आणि शुक्रवारपर्यंत मी सुट्टीवर आहे, दोन्हीकडे पर्यंत. इंग्रजीत एकाला बाय लागतं, एकाला टिल किंवा अन्टिल. आपण सगळीकडे टिल ठोकतो, वी विल चेक टिल फ्रायडे, म्हणजे समोरच्याला वाटतं हे लोक शुक्रवार उजाडेपर्यंत नुसते चेकच करत बसणार. मी काकूंना बोललो पण आमचा जर्मन पण अन्टिल फ्रायडे बोलतो. त्या हसल्या. बोलल्या जर्मनमध्ये पण दोन्हीला एकच शब्द आहे, बिस, म्हणून तो पण तुझ्यासारखाच घसरतो. म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी चुकीचं इंग्रजी बोलत होतो आणि दोघांनाही वाटत होतं समोरच्याचं बरोबर आहे! त्या दिवसापासून माझी निम्मी भीती गेली, खोटं नाही. मी इतके दिवस असं समजत होतो की तिकडे कुणी साहेब बसलाय आणि तो माझं ग्रामर तपासतोय. तो बिचारा पण शाळेत शिकूनच आलाय. काकू तर बोलल्या की जगात इंग्रजी बोलणाऱ्यांत ज्यांची ती मातृभाषा नाही असेच लोक जास्त आहेत, तुम्ही वर्गात नवीन नाही, वर्गच तुमचा आहे.

च चं पण तसंच. आजच पाठवतो याचं आपण टुडे ओन्ली करतो. समोरचा समजतो फक्त आजच पाठवणार, उद्या विचारलं तर नाही. कपड्यांवाल्या पोराने सांगितलं की त्याने दुबईला धिस प्राइस टुडे ओन्ली लिहिलेलं, त्याला सांगायचं होतं की आजच भाव ठरवून टाकतो, आणि त्या पार्टीला वाटलं उद्यापासून भाव वाढणार, म्हणून त्याने घाबरून ऑर्डर दिली. काकू बोलल्या हे मात्र तू विसरू नकोस, कामाचं आहे.

पास आउट वर पण खूप हसलो. आपण बोलतो आय पास्ड आउट इन 2009. बाहेरच्या माणसाला ऐकू येतं की मी 2009 मध्ये बेशुद्ध पडलो. आणि आय हॅव अ डाउट. आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, साधा प्रश्न, वर्गात पोरं रोज विचारतात. तिकडे ते अविश्वास दाखवल्यासारखं लागतं. मी एकदा त्यांच्या मोजमापाच्या रिपोर्टवर बोललो होतो आय हॅव अ डाउट आणि तो माणूस एकदम ताठ झाला होता, मला कळलंच नव्हतं का. आता आय हॅव अ क्वेश्चन. प्रीपोन पण काढून टाकलं, शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो पण तिकडच्याला डोकं खाजवावं लागतं, मूव्ह इट अर्लिअर बोललं की झालं.

उच्चाराचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं आणि काकूंनी त्यावर सगळ्यात कमी वेळ घालवला. त्यांचं म्हणणं अ‍ॅक्सेंट इंदुरी आहे तर इंदुरी राहू दे, तुला कुणी रेडिओवर बातम्या द्यायला बोलावलेलं नाही, फक्त जोर बरोबर जागी दे. आपण सगळी अक्षरं सारख्या तोलात बोलतो, इंग्रजीत एकावर जोर आणि बाकीची गिळायची. मी आयुष्यभर कॉम्पोनंट बोलताना कॉम वर जोर द्यायचो, तो पो वर असतो. डेव्हलप मध्ये डे वर द्यायचो, तो व्ह वर असतो. अ‍ॅनालाइज मध्ये पहिल्यावर पण अनॅलिसिस मध्ये दुसऱ्यावर, का तर तसंच. काकू पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजवायच्या, जोर आला की टण्ण. आमच्या बॅचला अजून अनॅलिसिस ऐकलं की डबा आठवतो. आणि थर्टी-थर्टीन! क्वालिटीवाल्यांनो, हे लक्षात ठेवा, थर्टीनला शेवटचा टीन लांब आणि जोरात नाही बोललात तर समोरच्याच्या वहीत तीस पीस रिजेक्ट लिहिले जातात.

व आणि व्ह चा किस्सा तर मराठी लोकांनी ऐकायलाच पाहिजे. मी हिंदी मीडियमवाला, वेल्ड पण व आणि वेंडर पण व. काकूंनी विचारलं मराठीत व्हिडिओ कसं लिहितोस? मी लिहिलं वीडियो. त्यांनी कपाळाला हात लावला. बोलल्या अरे मराठीत व्हिडिओ, व्हेंडर, व्हॉल्व्ह यांना व्ह लिहितात आणि वेल्डिंग, वॉटर, वॉरंटी यांना नुसता व, तुझ्या आजीच्या लिपीत उत्तर आहे आणि तू भंवरकुआंला साडेचौदा हजार देऊन आलास. फक्त तो ह जरा कमी करायचा आणि खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा, झालं. मजा म्हणजे जर्मनवाल्यांचा डब्ल्यू व्ह सारखा असतो, त्यामुळे आमच्या कॉलवर तो व्हेल्डिंग बोलतो आणि मी वेंडर बोलायचो.

आकड्यांवर एक पूर्ण रविवार गेला. लाख-कोटी बाहेर चालत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण तोंडातून निघतातच. जर्मनीवाल्यांकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, म्हणजे त्यांचं 1.250 आपलं साडेबाराशे आणि आपण वाचतो सव्वा. पीस मोजायचे असतील तर हसू येतं, मिलिमीटर असले तर रडू येतं. आणि आपलं सत्तेचाळीस म्हणजे आधी सात मग चाळीस, त्यांच्याकडे पण तसंच उलटं, एककं आधी, म्हणून घाईत दोघांकडून 47 चं 74 होऊ शकतं. काकूंचा नियम, आकडा बोलला की लगेच एकेक अंक सुटा करून परत बोला आणि चॅटमध्ये टाइप करा. लाज नाही वाटून घ्यायची.

आता काका. काका हे या क्लासचं सगळ्यात भारी फीचर आहे आणि फीमध्ये इन्क्लूड आहे. शेवटचे चार आठवडे मॉक कॉल असतात. काकू आपल्याला बाहेरच्या खोलीत बसवतात, काका आतल्या खोलीतून फोनवर कस्टमर बनतात. काका बँकेतून रिटायर झालेले, चेहरा असा की हसतात की नाही शेवटपर्यंत कळत नाही, आणि त्यांना काकूंनी एकच काम दिलेलं, उत्तर ऐकून झालं की पाच सेकंद काहीच बोलायचं नाही. ती पाच सेकंद म्हणजे काय असतात हे तिथे जाऊनच कळेल. आपल्याला वाटतं हा चिडला, याला कळलं नाही, आपण चुकलो, आणि आपण ती शांतता भरायला काहीतरी बोलत सुटतो, आणि त्यातच नको ते कबूल करून बसतो. मी पहिल्या मॉक कॉलला पाच सेकंदांत माल दोन दिवस आधी द्यायचं स्वतःहून कबूल करून टाकलं, त्यांनी मागितलं पण नव्हतं. कपड्यांवाल्याने तर भाव स्वतःच उतरवला. काकू आतून ओरडल्या, गप बस की रे मेल्या! तेव्हापासून आमच्या ग्रुपचं ब्रीदवाक्यच झालं ते.

आणि मध्ये तोडून बोलणं. हे मला सगळ्यात अवघड गेलं, कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की मोठे बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. औषधवाले दादा तर पन्नाशीचे, त्यांना तर ते पापच वाटायचं. काकूंनी सरावच तसा लावला, एकाने न थांबता काहीही वाचत सुटायचं, पेपरमधली बातमी, लाइट बिल, काहीही, आणि दुसऱ्याने त्याला अडवायचं, सॉरी, कॅन आय स्टॉप यू देअर, आय डिड नॉट गेट द लास्ट पॉइंट. वीस-वीस वेळा. आधी आवाजच निघत नाही, मग निघतो तो भांडल्यासारखा, आणि मग कधीतरी दहाव्या-बाराव्या वेळी बरोबर जमतो. येस येस च्या जागी मला आय सी दिलं त्यांनी. आय सी म्हणजे ऐकलं, मान्य केलं असं नाही. ही दोन अक्षरं मला कुणी दोन वर्षांपूर्वी दिली असती तर त्या सॉर्टिंगचे पैसे वाचले असते.

मीटिंगच्या आदल्या दिवशी एक कागद करायचा, अर्धाच, जास्त नाही. मला कुठली दोन वाक्यं बोलायचीच आहेत, तो कुठला वाईटात वाईट प्रश्न विचारेल आणि त्याचं पहिलं वाक्य काय, आणि कॉल संपताना माझ्या हातात काय यायला पाहिजे. मग ती वाक्यं मोठ्याने बोलायची, मनात नाही. मी फोनमध्ये रेकॉर्ड करून कंपनीच्या बसमध्ये राऊपासून पीथमपूरपर्यंत ऐकत जातो. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तर बस थांबवून उतरून जावंसं वाटलं होतं. आता सवय झाली. आणि कॉल संपायच्या आधी लेट मी रीड बॅक व्हॉट आय हॅव नोटेड म्हणून आपणच सगळं वाचून दाखवायचं आणि मिनिट्स पण आपणच पाठवायचे. काकू सांगतात, मिनिट्स ज्याच्या हातात त्याची मीटिंग, इंग्रजी गेलं खड्ड्यात.

कॅप्शन चालू करायला पण त्यांनीच सांगितलं, मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये खाली बोलणं टाइप होऊन येतं ते. वाचायला आपण सगळे पक्के आहोत, त्यामुळे कानातून सुटलेलं डोळ्याने पकडता येतं. फक्त पूर्ण भरवसा ठेवू नका, आमच्या कॉलवर पीथमपूरचं बीट देम पुअर झालं होतं.

फरक पडला का? सांगतो. सहाव्या आठवड्यानंतरचा मंगळवार. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार झाला की तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो आणि आमचा दीडचा कॉल अडीचला येतो, म्हणजे कँटीनचं जेवण एकदाचं शांतपणे झालेलं. त्याने परत तेच काढलं, सगळा माल निवडा. मी आय सी बोललो. मग पाच सेकंद गप्प बसलो, काकांना आठवून. मग बोललो वी कॅन सॉर्ट द स्टॉक इन आवर प्लांट बाय फ्रायडे, युअर वेअरहाउस आय कॅनॉट कन्फर्म टुडे. तो गप्प. मी पण गप्प. इतका वेळ की आमच्या प्लांट हेडने माझ्याकडे बघितलं. मग तो बोलला ओके, फेअर. बस इतकंच. फार मोठं काही नाही, टाळ्या नाही वाजल्या, पण त्या सोमवारी रात्री मी दोन वाट्या आमटी प्यायलो होतो हे बायकोने नंतर सांगितलं. आयटीवाली मुलगी आता रोज सगळ्यात पहिली बोलते, तिने काही केलं नाही, फक्त पहिला नंबर मागून घेतला, म्हणजे तिचं काम दुसऱ्याला सांगायला उरतच नाही.

आता वाईट गोष्टी, कारण नुसतं गोड लिहिलं तर लोक समजतील काकू माझ्या आत्या आहेत. पार्किंग अजिबात नाही, गल्ली अरुंद, कार आणू नका. ऑनलाइन नाही, विचारूही नका. मीटिंगचं इंग्रजी सोडून काही शिकवत नाहीत, मेल लिहून द्या, प्रेझेंटेशन बघा असं बोललं तर सरळ नाही सांगतात. अमेरिकन बोलणं त्यांना स्वतःला जरा कमी समजतं, युरोपवाल्यांमध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे आयटीवालीला कॅन आणि कान्ट मधला अमेरिकन फरक, जिथे शेवटचा ट ऐकूच येत नाही, तो स्वतःच शोधून करावा लागला. काकूंनी शेवटी तिला कान्ट सोडून कॅनॉट बोल एवढाच उपाय दिला, चालतो पण. ओरडतात. म्हणजे खरंच ओरडतात, माझ्यासारख्या जाड कातडीच्याला ठीक, पण एक ताई दुसऱ्या आठवड्यानंतर आल्याच नाहीत आणि मला वाटतं ते त्या मेल्या-गाढवामुळेच. आधी कुणाला इंग्रजीवरून हिणवलं गेलेलं असतं, त्याला परत ओरडा खायला पैसे द्यायचे हे पटणार नाही, आणि ते त्याचं बरोबरच आहे. हे मी काकूंना शेवटच्या दिवशी तोंडावर सांगितलं, त्या पाच सेकंद गप्प बसल्या. मग आय सी बोलल्या. मला अजून कळलं नाही मान्य केलं की नुसतं ऐकलं.

आणि ज्यांना अगदी सुरुवातीपासून इंग्रजी शिकायचंय त्यांनी जाऊ नका. वाचता-लिहिता येतं, कामाचं ज्ञान आहे, फक्त तोंड उघडत नाही, अशांसाठीच हा क्लास आहे. कॉलेजच्या पोरांना इंटरव्ह्यूसाठी पण घेत नाहीत, ज्याच्या आयुष्यात मीटिंगच नाही त्याची मीटिंग मी कुठून करू, असं त्यांचं म्हणणं.

साडेनऊला सुटलो की आम्ही सगळे कोपऱ्यावर पोहे-जलेबी खायला जायचो आणि तिथे इंग्रजीत बोलायचं असा नियम केला होता, तो पहिल्या घासाला मोडायचा. जिरावन जरा जास्त घालो भिया हे इंग्रजीत कसं सांगणार.

माझ्याकडून चार स्टार, पाचवा ओरडण्याचा कापला. पुढची बॅच आहे असं ऐकलंय पण दोनच जागा आहेत. गेलात तर चपला जिन्यात काढू नका, दाराच्या आत काढा, खालच्या मजल्यावरच्यांचं पिल्लू डावी एकच चप्पल नेतं.